पैसा नागपुरात हलतो, पाहायचं आपण



“पोलिसांना सरकार किती पैसा देतं, याच्याशी आपलं काय?” वाडीवर बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. उत्तर सरळ आहे. जंगलजमिनीवरून आपल्याला उठवायला बंदोबस्ताची गाडी येते, तिचं डिझेल सरकारी हिशेबात मांडलेलं असतं. अत्याचाराच्या केसमध्ये साक्षीदाराला जाण्यायेण्याचा खर्च द्यायचा, हेही १९९५च्या नियमांत लिहिलेलं आहे. गाडीला डिझेल नाही, असं आम्ही कधी ऐकलं नाही. साक्षीदाराचं “अनुदान आलं नाही” हे ऐकून मात्र कान किटले.

अर्थसंकल्प मार्चमध्ये होतो आणि १ एप्रिलपासून खर्च सुरू होतो. पोलिसांचा पैसा गृह खात्याच्या बी-१ या मागणीत असतो, आदिवासी विकासाची मागणी वेगळी. पोलिसांचा बहुतेक पैसा पगारात जातो. उरलेल्यात डिझेल, प्रवासभत्ता, गाड्या, इमारती. पण मार्चमध्ये ठरलं ते शेवटचं नसतं. आठ महिन्यांचा खर्च पाहून सुधारित अंदाज करतात. एकाच मागणीच्या आत एका बाबीचा पैसा दुसरीकडे न्यायचा तर ते पुनर्विनियोजन, ते खात्यांतच होतं. वाढीव पैसा हवा तर पुरवणी मागणी, ती विधानसभेपुढे न्यावीच लागते. हिवाळ्यात ती नागपूरच्या अधिवेशनात येते. न खर्चलेला पैसा परत देतात, त्याला समर्पित करणं म्हणतात.

आता नीट ध्यान द्या. आदिवासी विकासाचा रुपया थेट पोलिसांकडे वळवता येत नाही. पण आपला निधी वेळेत सुटलाच नाही आणि मार्चअखेर परत गेला, आणि त्याच वर्षी गृह खात्याला पुरवणी मिळाली, तर काय झालं? तिजोरी एकच. कुणी न वळवता पैसा वळला!

पोलिसाच्या पगाराला आमचा विरोध नाही. पूर्णगडसारख्या किनाऱ्याच्या ठाण्याला माणूसबळ लागतं, गस्तीला डिझेल लागतं. हवालदारही कष्टकऱ्याच्याच घरचा. आमचं म्हणणं एवढंच, की वाढीव पैसा कशासाठी, हे लोकांना कळलं पाहिजे. रत्नागिरी जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून पेसा कायदा इथे लागू नाही. पण २००६चा वनहक्क कायदा लागू आहे. त्याचं कलम ४(५) सांगतं, की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत वननिवासी आदिवासीला जमिनीवरून हटवता येत नाही. मग तसल्या बंदोबस्ताला खर्च मंजूर करणारे कोण, हे विचारायला नको?

म्हणून प्रत्येक गावानं हे करावं :

१. माहिती अधिकारात जिल्हा पोलीस कार्यालयाकडे अर्ज द्यावा : वर्षाच्या सुरुवातीला कुठल्या बाबीला किती मिळालं, मध्ये किती वाढलं-घटलं, जंगल बंदोबस्तावर किती गेलं. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला माफ. उत्तराची मुदत ३० दिवस.

२. तसाच अर्ज आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयाकडे : किती आलं, किती परत गेलं.

३. दोन्ही उत्तरं ग्रामसभेत मोठ्यानं वाचावीत, ठराव करावा आणि अधिवेशनाआधी आमदाराच्या हातात द्यावा. पोच घ्यायला विसरू नये.

पुरवणीवर हात वर करण्याआधी आमदाराला आपला ठराव आठवला पाहिजे. अधिवेशन उरकल्यावर बोंब मारून उपयोग नाही.