विश्लेषण : मागाच्या धुळीवर हळदीची गोळी पुरेशी आहे का?

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. बंदिस्त शेडमध्ये सुताची धूळ दिवसभर तरंगते आणि कामगार ती श्वासावाटे घेत राहतो. दुसरीकडे ‘शरीरातील दाह मुळापासून थांबवते’ असे सांगत हळदीतील कर्क्युमिनच्या गोळ्या ऑनलाइन विकल्या जातात. या दाव्यात तथ्य किती?

धुळीमुळे फुप्फुसात काय होते?

कापसावरील जिवाणूंच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचे विष असते. ते धुळीसोबत फुप्फुसात गेले की पेशींना जिवाणूंचा हल्ला झाल्यासारखे वाटते. मग ‘एनएफ-कप्पा-बी’ हे प्रथिन पेशीकेंद्रात शिरून दाहाची जनुके चालू करते. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये ते शोधले. वर्षानुवर्षे धूळ घेतल्यास बिसिनोसिस होऊ शकतो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळून येणे, ही त्याची खूण. पिंजण आणि सूतकताईत धोका अधिक. पण विणकामगारही त्यातून सुटलेले नाहीत.

हे प्रथिन रोखता येते?

येते. दम्याच्या इन्हेलरमधील बुडेसोनाइडसारखी स्टेरॉइड त्याचे काम दाबतात. मात्र संसर्गाशी लढायलाही हेच प्रथिन लागते. म्हणून ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. कर्क्युमिन त्याला रोखते, हे प्रयोगशाळेतील पेशींवर १९९५ मध्येच दिसले. पण पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच कमी उतरते. पेशींवरचा प्रयोग म्हणजे माणसावरचा उपचार नव्हे.

मग उपाय काय?

आग तशीच ठेवून भोंगा बंद करण्यात अर्थ नाही. धूळ खेचणारे पंखे, कोरड्या झाडूऐवजी ओली सफाई, योग्य मास्क आणि दरवर्षी श्वासक्षमतेची तपासणी हे उपाय माहीत असलेले आहेत आणि आवाक्यातलेही. बिसिनोसिस कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे, त्यासाठी भरपाईची तरतूदही आहे. परंतु हजेरीपटावर नावच नसेल, तर कामगाराने आजार कामातून जडला हे सिद्ध कसे करायचे? मालकांनी शेडमधील हवा सुधारावी आणि सरकारने लहान कारखान्यांपर्यंत तपासणी न्यावी. फुप्फुसे वाचवण्याचा खर्च कामगाराच्या खिशातून, गोळ्यांच्या डबीवर होता कामा नये.