माडावरची वडी आणि रक्ताची गोळी



नारळ कुरतडणाऱ्या उंदरांसाठी मालवणकडे माडाच्या शेंड्यात ब्रोमॅडिओलोनची वडी ठेवतात. ती खाल्लेला उंदीर अंगातल्या अंगात रक्त वाहून मरतो. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमची गोळी याच घराण्यातली. दचकू नका, मापात घेतली तर ती जीव वाचवते.

या घराण्याचा शोध गोठ्यातच लागला. 1920 नंतर अमेरिका-कॅनडात क्लोव्हर नावाचा बुरसलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड, तो चारा आणि दुधाच्या कॅनमधले न गोठलेले रक्त घेऊन बर्फाच्या वादळातून कार्ल लिंक या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत आला. त्यातून पुढे वॉरफरिन झाले. 1948 मध्ये ते उंदरांचे औषध होते, 1954 मध्ये माणसांचे झाले.

ल्युपससारख्या आजारात राखणीचा कुत्रा घरच्यांनाच चावू लागावा तसे होते. काहींच्या रक्तात गुठळ्या धरतात, पक्षाघात होतो, बायकांचे गर्भ पुन्हा पुन्हा पडतात. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी 1983 मध्ये वर्णिलेला हा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. गुठळी होऊन गेलेल्यांना ही गोळी बहुधा जन्मभर घ्यावी लागते.

घोटाळा होतो तो इथे. ल्युपसमध्ये सांधे दुखतात. लावणीत गुडघा सुजला की बाई दुकानातून डायक्लोफिनॅक नाहीतर ब्रुफेन आणते. ती जठराला जखम करते, आणि रक्त तर आधीच पातळ! वर शेजारीण लसणीच्या पाकळ्या आणि हळदीच्या कॅप्सूल सुचवते. आमटीतली लसूण-हळद खुशाल खा, पण औषध म्हणून मूठभर नको. बाजारातली बिननावाची पुडी तर मुळीच नको. तसल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे.

जुलाबावरची मेट्रोनिडाझोल आणि लघवीच्या जळजळीवरची को-ट्रायमोक्साझोल या गोळीचा जोर फार वाढवतात. पावसाळ्यात लेप्टोसाठी मिळणारी डॉक्सिसायक्लिनही वाढवू शकते. म्हणून ती नाकारू नका (लेप्टोही जीव घेतो), पण देणाऱ्याला आपली गोळी सांगा आणि तपासणीची तारीख अलीकडे घ्या. क्षयाचे रिफॅम्पिसिन मात्र उलट जोर कमी करते.

शेवग्याचा पाला, टाकळा, तांबडी भाजी यांतले के जीवनसत्त्वही जोर कमी करते. पहिल्या पावसात रोज टाकळा आणि एरवी पाल्याचे नाव नाही, असे करू नका. भाजी सोडायची नाही, दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची.

तपासणी आयएनआरची. निरोग्याचा आकडा 1 च्या आसपास, गोळीवर बहुधा 2 ते 3 ठेवतात. या आजारात बोटाच्या थेंबावरची तपासणी कधी फसवते. रक्त शिरेतूनच द्या. पाळी चुकली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, कारण गोळी गर्भाला बाधते. तेव्हा हेपॅरिनची इंजेक्शने देतात. काळी शौच, लाल लघवी, हिरड्यांतून रक्त, किंवा पडून डोक्याला मार लागला, तर दुखो न दुखो, लगेच इस्पितळ गाठा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, गुठळी टपलेलीच असते.

पुढच्या तपासणीची तारीख आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि गोळीचे नाव घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ करून ठेवायला सांगा.