चषकामागची थैली

गेल्या महिन्यात एका अभ्यासवर्गात उच्च शिक्षणाच्या खासगीकरणावर बोलून मी खाली बसलो, तेव्हा चर्चेत एका तरुण कार्यकर्त्याने अमेरिकेतील महाविद्यालयीन रग्बीचा विषय काढला. मुलगा वाचणारा आहे, तळमळीचा आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, अमेरिकन विद्यापीठांतील फुटबॉल (आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हे) आणि बास्केटबॉल हे दोन खेळ दूरचित्रवाणीच्या पैशाने पार नासले. रग्बीची राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद स्पर्धा मात्र त्यातून सुटली. तेथे बहुसंख्य संघ विद्यार्थीच चालवतात, वर्गणी काढतात, बसभाडे स्वतः भरतात आणि केवळ खेळाच्या प्रेमापोटी चिखलात लोळतात. ना बाजार, ना नोकरशाही. समाजवाद्यांनी हाच नमुना डोळ्यांपुढे ठेवावा! वर्गातील बऱ्याच साथींनी माना डोलावल्या. वेळ संपला होता म्हणून मी गप्प राहिलो, पण ते मौन मला बोचत राहिले.

या विचारात भाबडेपणा आहे. असा भाबडेपणा आपल्या चळवळीत नवा नाही. जेथे पैशाची देवघेव उघड दिसत नाही तेथे पैशाची सत्ताही नसते, असे आपण चटकन मानून टाकतो.

रग्बीचाच इतिहास याच्या उलट साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर व लँकशायर भागांत हा खेळ गिरणी कामगार आणि खाणमजूर यांच्यात मुरला होता. शनिवारी सामना खेळायचा तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडे. बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूला मिळावी, एवढीच त्यांच्या क्लबांची मागणी होती. १८९३ साली लंडनच्या रग्बी युनियनने ती फेटाळली. कारण काय, तर हौशी खेळाचे पावित्र्य! ज्यांचे उत्पन्न जमिनीच्या खंडातून किंवा व्याजातून येत होते, त्यांना शनिवारची मजुरी बुडण्याचे भय नव्हते. तेव्हा पावित्र्य पाळणे त्यांना स्वस्त पडत होते. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लब जमले आणि त्यांनी आपली चूल वेगळी मांडली. रग्बी लीग हा निराळा खेळ त्या फुटीतून जन्मला. मूळ रग्बी युनियनने हौशीपणाचे ते सोवळे टाकले ते १९९५ साली, म्हणजे तब्बल शंभर वर्षांनी.

अमेरिकेत रग्बी आली ती या सोवळ्यासह, आणि आली विद्यापीठांत. १९०५ च्या हंगामात अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानावर तरुण मुले मेली, तेव्हा स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या विद्यापीठांनी १९०६ पासून त्याऐवजी रग्बी स्वीकारली. ही लाट दहा-बारा वर्षांत ओसरली. पण तिच्यातून तयार झालेल्या कॅलिफोर्नियाच्या मुलांनी १९२० आणि १९२४ अशा दोन ऑलिंपिक स्पर्धांत अमेरिकेला सुवर्णपदक मिळवून दिले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी फ्रान्सला १७–३ असे हरवले.

त्याच काळात बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आणखी एक तरुण शिकायला आला होता, आणि तो आपल्या परिचयाचा आहे. ऑक्टोबर १९२२ मध्ये जयप्रकाश नारायण कॅलिफोर्नियात उतरले. द्राक्षांच्या मळ्यांत त्यांनी मजुरी केली आणि जानेवारी १९२३ मध्ये बर्कलेत नाव घातले. पुढे तेथील फी दुप्पट झाली आणि ती परवडेना, म्हणून त्यांना ते विद्यापीठ सोडून आयोवाला जावे लागले. मैदानात कोण धावले याची नोंद सर्वत्र सापडते. फी भरता न आल्यामुळे दरवाजातून कोण परतले, याची नोंद कोणत्याच चषकावर कोरलेली नसते.

आता त्या राष्ट्रीय स्पर्धेकडे वळू. ती १९८० साली सुरू झाली. तेव्हापासून २०१० पर्यंत ३१ अजिंक्यपदे दिली गेली आणि त्यांतील २५ एकट्या बर्कलेने पटकावली. १९९१ ते २००२ अशी सलग १२. उरलेल्या सहांपैकी तीन (१९८९, १९९०, २००३) एअर फोर्स अकादमीची, एक हार्वर्डचे (१९८४), एक सॅन दिएगो स्टेटचे (१९८७) आणि एक ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे (२००९). त्यानंतरच्या काळात विजेत्यांमध्ये लाइफ युनिव्हर्सिटी, सेंट मेरीज कॉलेज, २०२२ साली वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी आणि २०२३ साली ॲनापोलिसची नौदल अकादमी अशी नावे येतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ही यादी ताळेबंदासारखी वाचावी. ब्रिगहॅम यंगच्या मागे मॉर्मन चर्च आणि श्रद्धावंतांनी दिलेला उत्पन्नाचा दशांश आहे. सेंट मेरीज ही कॅथलिक पंथीयांची खासगी संस्था. लाइफ युनिव्हर्सिटी ही जॉर्जिया राज्यातली संस्था, मणक्यावर हाताने उपचार करणारे वैद्य घडवण्यासाठी १९७४ साली निघालेली. रग्बीचा विजय ही तिच्यासाठी त्या व्यवसायाची जाहिरातच आहे, असे मला वाटते. हार्वर्डबद्दल काही सांगायला नकोच. बर्कलेच्या मागे पिढ्यान्‌पिढ्यांच्या धनिक माजी खेळाडूंच्या देणग्या. सॅन दिएगो स्टेट हा एक प्रामाणिक अपवाद म्हणता येईल, पण तोही ३१ वर्षांत एकदाच. म्हणजे आमच्या तरुण मित्राने वर्णिलेला, वर्गणी काढून बसने येणारा विद्यार्थ्यांचा संघ या स्पर्धेत उतरतो, झुंजतो आणि घरी जातो. चषक उचलतो तो ज्याच्या मागे थैली उभी आहे तो.

यांत लष्करी अकादमींचे प्रकरण विशेष विचार करण्यासारखे आहे. या विजेत्यांमध्ये ज्याच्या बापाकडे दमडी नाही अशा मुलाला एकही डॉलर फी न देता, उलट वेतन घेऊन शिकता येते, अशा संस्था याच. अमेरिकेच्या सरकारला मोफत उच्च शिक्षण परवडत नाही असे जे म्हणतात, त्यांनी वेस्ट पॉइंट आणि ॲनापोलिस पाहावे. ते परवडते, फक्त मोबदल्यात पदवीनंतरची काही वर्षे गणवेशात काढावी लागतात.

आता बर्कलेची २०१० सालची कहाणी. बर्कले हे सरकारी विद्यापीठ आहे. १९६० च्या कॅलिफोर्निया बृहत् योजनेने राज्यातील विद्यार्थ्यांना तेथे शिकवणी-शुल्काविना शिकता यावे, हे तत्त्व पुन्हा उच्चारले होते. पुढे १९७८ साली ‘प्रपोझिशन १३’ने मालमत्ता-कराला वेसण घातली, राज्याच्या तिजोरीवर ताण वाढत गेला आणि ते तत्त्व कागदावर राहिले. २००८ च्या वित्तीय अरिष्टानंतर राज्याने अनुदानाला कात्री लावली, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने शुल्कात ३२ टक्के वाढ केली. विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, इमारती अडवल्या. दुसऱ्या बाजूस अमेरिकन फुटबॉलचे जुने स्टेडियम नव्याने उभारण्यासाठी ३२ कोटी १० लाख डॉलरांचे काम काढले होते, तेही मुख्यतः कर्जाच्या जिवावर.

अशा वेळी, २८ सप्टेंबर २०१० रोजी, विद्यापीठाने खर्च वाचवण्यासाठी पाच खेळांवर कुऱ्हाड चालवली. बेसबॉल, पुरुषांचे व स्त्रियांचे जिम्नॅस्टिक्स आणि स्त्रियांचा लॅक्रॉस हे बंद. आणि त्याच वर्षी पंचविसावे अजिंक्यपद जिंकलेली रग्बी खालच्या दर्जावर. दोष कशावर ढकलला गेला? १९७२ च्या स्त्री-पुरुष समानतेच्या शिक्षणविषयक कायद्यावर. पुरुष खेळाडूंची संख्या कमी केल्याशिवाय तोल साधत नाही, असे सांगण्यात आले. मग स्टेडियमच्या कर्जाला हात का लागला नाही, हे मात्र कोणी सांगेना. बायकांच्या हक्काचा खर्च डोळ्यांत खुपतो, कर्जाचे व्याज खुपत नाही. हे आपल्याकडच्या नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांतही पाहायला मिळते.

पुढे काय झाले ते बघा. धनिक माजी विद्यार्थी धावून आले. एक कोटी डॉलरांहून अधिक रकमेची आश्वासने गोळा झाली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये रग्बी व स्त्रियांचे दोन खेळ पुन्हा पूर्ववत झाले. आपल्या मित्रांना हा खेळप्रेमाचा विजय वाटेल. मला त्यात सरकारी विद्यापीठातील एका निर्णयाची मालकी बदललेली दिसते. कोणता खेळ जगावा, कोणता मरावा, हे ठरवण्याचा अधिकार करदात्याच्या प्रतिनिधीकडून निघून देणगीदाराच्या धनादेशाकडे गेला. ज्या खेळामागे असे धनिक नसतील, त्याने काय करावे? स्टेडियमच्या कर्जाचे म्हणाल तर त्याचा मोठा हिस्सा २०१८ साली क्रीडा विभागाच्या खांद्यावरून काढून सबंध विद्यापीठाच्या माथी देण्यात आला.

हौशीपणाच्या कैवाऱ्यांना आणखी एक आठवण द्यायला हवी. अमेरिकेतील रग्बीची राष्ट्रीय संघटना मार्च २०२० मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेऊन न्यायालयात गेली. महाविद्यालयीन स्पर्धाही मध्यंतरी फुटली होती. २०१३ ते २०१७ या काळात एकाच खेळाचे दोन प्रतिस्पर्धी राष्ट्रीय चषक होते. बाजार नाही म्हणून तेथे सुव्यवस्था नांदते, असेही नाही. आणि बाजार दूर आहे असे तरी कोणी सांगावे? ६ जून २०२५ रोजी अमेरिकन न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार प्रत्येक मोठे विद्यापीठ आता आपल्या खेळाडूंना वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरांपर्यंत थेट मोबदला देऊ शकते. राबणाऱ्या खेळाडूला मोबदला मिळणे न्याय्यच आहे. हडर्सफील्डच्या क्लबांचे म्हणणे एका अर्थी मान्य झाले. पण हा पैसा प्रामुख्याने फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वाहणार, आणि कमाई न करणाऱ्या खेळांच्या वाट्याला काटछाट येणार, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

मी हे सारे अंतर राखून लिहितो आहे असे वाचकांना वाटू नये, म्हणून स्वतःची एक गोष्ट सांगतो. १९९० च्या सुमारास मी तालुक्याच्या गावी शिकवत होतो आणि जिमखाना समितीवर होतो. आमचा एक विद्यार्थी कबड्डीत विलक्षण चपळ; विद्यापीठाच्या संघात त्याची निवड झाली. सराव शिबिर दहा दिवसांचे होते. तो पहाटे बाजार समितीत हमाली करून मग वर्गात येत असे. त्याने समितीपुढे येऊन विचारले, “सर, दहा दिवसांची हजेरी बुडंल, ती कोण देणार?” समितीतील एका ज्येष्ठाने त्याला सुनावले की, खेळाला पैशाची भाषा लावू नये. जिमखान्याची फी तर आम्ही त्याच्याकडूनही घेतली होती! मी तेव्हा तोंड उघडले नाही. मुलगा शिबिराला गेला नाही. १८९३ चे उत्तर त्याला शंभर वर्षांनी मराठीत ऐकवले गेले, आणि ऐकवणाऱ्यांत मी होतो.

म्हणून त्या तरुण साथीला माझे सांगणे आहे की, विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हिमतीवर संघ चालवणे हे कौतुकास्पद आहे, त्याची थट्टा मी करणार नाही. पण वर्गणीवर चालणाऱ्या खेळाला आदर्श मानणे म्हणजे वर्गणी न देऊ शकणाऱ्याला वगळणे आदर्श मानणे होय. आपण मागायचे ते वेगळे आहे. बुडालेल्या मजुरीची भरपाई, मोडलेल्या हाडाचा सार्वजनिक खर्चाने उपचार, सर्वांना खुले मैदान, आणि जिमखाना फीच्या पै-पैचा विद्यार्थ्यांपुढे मांडलेला हिशेब. तुमच्या भागातील विद्यापीठाच्या अधिसभेत पुढचे अंदाजपत्रक येईल तेव्हा क्रीडा निधीचे पान उघडून विचारा, की यातले किती रुपये त्या हमाल मुलापर्यंत पोचतात.

बर्कलेचा रग्बी संघ २०११ च्या वसंतात पुन्हा मैदानात उतरला आणि अंतिम सामन्यात ब्रिगहॅम यंगला २१–१४ असे नमवून त्याने सव्विसावे अजिंक्यपद घेतले. २००९ ची ती ३२ टक्क्यांची शुल्कवाढ मात्र मागे घेतली गेली नाही.