व्हिडिओ डिलीट झाला, पुढे काय?

मार्च २०१९. दहावीची परीक्षा सुरू होती. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक क्लिप टाकली. पाच-सहा सेकंद पाहिली, गेम आहे असं वाटलं, बंद केली. संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लागल्या तेव्हा कळलं, ती न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चची मशीद होती. माणसं खरी होती. तुमच्याकडेही आली होती का ती? खरं सांगा.

१५ मार्चच्या त्या हल्ल्यात ५१ जणांचा जीव गेला. हल्लेखोराने तो फेसबुकवर लाइव्ह दाखवला. लाइव्ह पाहणारे दोनशेसुद्धा नव्हते. पण पहिल्या २४ तासांत फेसबुकला त्याच्या १५ लाख कॉपी काढाव्या किंवा अडवाव्या लागल्या. हल्लेखोराचे चाहते त्यात होतेच. पण 'बघ ना, काय भयंकर आहे' म्हणत फॉरवर्ड करणारे आपल्यासारखेही असणारच.

दोनच महिन्यांनी जसिंडा आर्डर्न आणि इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी पॅरिसमध्ये 'ख्राइस्टचर्च कॉल' जाहीर केला. सरकारं आणि टेक कंपन्या एका टेबलावर आल्या. भारतही त्यात आहे, हे किती जणांना माहितीये? अशा व्हिडिओचा डिजिटल ठसा एका कंपनीने काढायचा आणि बाकीच्यांनी तो वापरून अपलोडच रोखायचा, ही आधीपासूनची व्यवस्था त्यानंतर आणखी पक्की झाली. चांगलंच झालं. पण ठसा निघतो तो गुन्हा घडून गेल्यावर. त्याच्या आधीच्या वर्षांचं काय?

न्यूझीलंडच्या चौकशी आयोगाचा २०२०चा अहवाल चाळताना मी दचकले. हा माणूस जग फिरला होता आणि त्याचा सगळ्यात मोठा मुक्काम भारतात होता, जवळपास तीन महिने! पण प्रवासात तो कुठल्या अतिरेकी संघटनेला भेटल्याचा पुरावा आयोगाला मिळाला नाही. त्याच्यावर मोठा प्रभाव होता यूट्यूबचा. त्याची शाळा स्क्रीनवरच भरत होती.

मग त्या शाळेत काय शिकवलं जातं, हे संशोधकांना दिसायला नको? उलटंच चाललंय. २०२३मध्ये ट्विटरने संशोधकांचा फुकट डेटा बंद केला. ऑगस्ट २०२४मध्ये मेटाने 'क्राउडटँगल' हे टूल गुंडाळलं. युरोपने निदान कायदा करून मोठ्या प्लॅटफॉर्म्सना पारखलेल्या संशोधकांसाठी डेटा खुला करायला लावलं. आपल्या आयटी नियमांत मजकूर किती तासांत हटवायचा ते आहे. संशोधकांच्या वाट्याला काही नाही. कॉलवर नाव घालणाऱ्या देशाने एवढं तरी करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

'म्हणजे आता आमचे चॅट वाचणार का?' असं तुम्ही म्हणाल. रास्त भीती आहे. माझ्या व्हॉट्सॲपमध्ये ना पोलीस डोकावलेला मला चालेल, ना प्राध्यापक. मागणी खासगी चॅटची नाहीच. उघड्यावरच्या पोस्ट कशा पसरतात आणि सोळा वर्षांच्या मुलाला एका व्हिडिओनंतर पुढचा कोणता सुचवला जातो, एवढं कळू द्या. ते आज फक्त कंपनीला ठाऊक असतं.

क्लिप टाकणारा तो मुलगा अजून माझ्या कॉन्टॅक्ट्समध्ये आहे. परवा त्याला विचारलं, तुला कुठून आली होती रे ती? तो म्हणाला, "कुठली क्लिप?"