सुई लावली की प्रसाधनाचे ‘उपकरण’ होते

क्रीमच्या डबीवर सशाचे छोटे चित्र असते. या मालासाठी प्राण्यांना त्रास दिलेला नाही, असा त्याचा अर्थ. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ मध्ये बंदी आली. त्याच वर्षी अशी चाचणी केलेल्या प्रसाधनांची आयातही बंद झाली. चांगले झाले. पण तेच सौंदर्य क्रीमऐवजी सुईने चेहऱ्यात भरायचे ठरले की हा कायदा दारातच थांबतो. ओठ फुगवणारे, सुरकुत्या बुजवणारे ‘फिलर’ कायद्याच्या वहीत प्रसाधन नाही, ‘वैद्यकीय उपकरण’ आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. नाव बदलले की वस्तू बदलत नाही, हे पाचवीतल्या मुलालाही कळते. इथे मात्र नाव बदलल्यामुळे ससा पुन्हा पिंजऱ्यात जातो.

तिथे काय होते? शरीरात राहणाऱ्या पदार्थांच्या तपासणीसाठी आयएसओ १०९९३ ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका आहे. सशाच्या पाठीवरचे केस काढून त्या पदार्थाचा अर्क कातडीत टोचतात आणि २४, ४८, ७२ तासांनी लाली व सूज मोजतात. अॅलर्जी पाहण्यासाठी गिनीपिग वापरतात. फिलर शरीरात कसा टिकतो, हे पाहण्यासाठी तो प्राण्याच्या कातडीखाली ठेवतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी प्राणी मारून तिथले मांस सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. म्हणजे चाचणी निर्दोष ठरली तरी प्राणी वाचत नाही.

युरोपचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. प्राण्यांवर चाचणी केलेली प्रसाधने विकायला युरोपीय संघाने २०१३ मध्ये पूर्ण बंदी घातली. पुढे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमावलीत वैद्यकीय हेतू नसलेल्या वस्तूंची वेगळी यादी जोडली आणि चेहऱ्यात टोचायचे फिलर त्या यादीत घातले. हेतू वैद्यकीय नाही हे कायदाच मान्य करतो, तरी नियम मात्र उपकरणाचे लावतो!

आपल्या उसूल-ए-फिक्हच्या विद्वानांनी माणसाच्या गरजांच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. जरूरियात, म्हणजे ज्यांच्याविना जीवच धोक्यात येतो त्या गोष्टी. हाजियात, ज्यांच्याविना जगणे कठीण होते. आणि तहसीनियात, म्हणजे जगण्याला शोभा आणणाऱ्या गोष्टी. तहसीन हा शब्द हुस्नच्याच मुळातून आला आहे. शोभा निषिद्ध नाही, पण तिचा दर्जा तिसरा आहे. तिसऱ्या दर्जाच्या गोष्टीसाठी दुसऱ्या मखलूकचा जीव घ्यायचा, हे कोणत्या तराजूत बसते?

सगळे फिलर मात्र एका मापाने मोजता येणार नाहीत. एचआयव्हीच्या रुग्णांच्या गालांतली चरबी झडते आणि चेहराच आजाराची चुगली करतो. अशा चेहऱ्यांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये पॉलिलॅक्टिक आम्लाच्या फिलरला मान्यता दिली. अपघाताने विद्रूप झालेल्या चेहऱ्याचेही तेच. ही हाजत आहे. माझे भांडण तिच्याशी नाही. लग्नाच्या मोसमासाठी ओठ भरून देणाऱ्या बाजाराशी आहे.

आपल्याकडे फिलरविषयी प्रश्न आलाच तर तो एवढाच असतो: यात डुकराचे काही नाही ना? प्रश्न रास्त आहे, कारण डुकरापासून काढलेल्या कोलॅजेनचे फिलर खरोखर बाजारात आले होते. आज बरेचसे हायलुरॉनिक आम्ल जिवाणूंपासून बनवतात, हे ऐकले की सगळे निश्चिंत होतात. पण मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हकिगत आपण मुलांना सांगतो ती कशासाठी? सिरिंजमध्ये काय आहे, हा अर्धा प्रश्न झाला. ती सिरिंज आपल्यापर्यंत कोणाच्या पाठीवरून आली, हा उरलेला अर्धा.

यावर एक आक्षेप हमखास येतो: मग न तपासलेला माल बायकांच्या तोंडात टोचायचा का? मुळीच नाही. जो माल सशाचा जीव घेतल्याशिवाय सुरक्षित ठरवता येत नाही आणि ज्याची शोभेपलीकडे गरज नाही, तो बाजारात आणूच नका. शिवाय प्राण्यांवरची चाचणी म्हणजे पक्की हमी नव्हे. अमेरिकेत १९८१ मध्ये मान्यता मिळालेले गोवंशाच्या कोलॅजेनचे फिलर देण्याआधी रुग्णाच्याच हातावर थोडे टोचून चार आठवडे वाट पाहावी लागे. आणि फिलरचा सर्वांत भयंकर धोका, चुकून रक्तवाहिनीत गेल्याने कातडी मरणे किंवा दृष्टी जाणे, हा टोचणाऱ्याच्या हाताशी आणि माणसाच्या चेहऱ्यातल्या रक्तवाहिन्यांशी निगडित आहे. सशाची पाठ त्यावर काय सांगणार?

पर्याय सापडतात, शोधावे लागतात. बोटॉक्सची मात्रा ठरवण्यासाठी निम्मे उंदीर मरेपर्यंतची चाचणी वर्षानुवर्षे चालली. २०११ मध्ये अमेरिकेत त्याच कंपनीच्या पेशींवरील चाचणीला मान्यता मिळाली. आयएसओच्या २०२१ च्या मानकात कातडीचा दाह तपासायला प्रयोगशाळेत वाढवलेली मानवी त्वचा आली आहे. सगळ्या चाचण्यांना असा पर्याय अजून नाही. म्हणूनच तो येईपर्यंत शोभेच्या मालाने थांबावे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. कायद्याने सुई पाहू नये, हेतू पाहावा. केवळ शोभेसाठी असलेल्या फिलरला प्रसाधनांचीच बंदी लागू व्हावी. एकदा झालेल्या चाचणीची माहिती सर्व उत्पादकांना मिळावी, म्हणजे त्याच पदार्थासाठी पुन्हा प्राणी मरणार नाहीत. आणि खोक्यावर किती प्राणी, कोणते, हे छापलेले असावे. तोवर क्लिनिकमध्ये जाणाऱ्या प्रत्येकीने डॉक्टरांना हे विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर उठून घरी यावे.