थोडा खंड पडू दे की!

कॉलेजात ७५ टक्के हजेरी भरली की गंगेत घोडं न्हालं. चार लेक्चर्स बुडाली तरी मेडिकल सर्टिफिकेट जोडता येतं, सरांच्या केबिनबाहेर दोन चकरा मारून डिफॉल्टर लिस्टमधलं नाव काढून घेता येतं. स्नॅपचॅटवर ही सोय नाही. तिथे हजेरी शंभर टक्के लागते. रविवार नाही, दिवाळीची सुट्टी नाही, ताप आला म्हणून माफी नाही. एक दिवस चुकला की वर्षभर जपलेला आकडा गायब आणि पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा.

स्ट्रीक म्हणजे काय हे माहीत नसलेला विद्यार्थी आज शोधावा लागेल. पण ही पुरवणी घरातले आई-बाबाही वाचतात, म्हणून थोडक्यात. दोघांनी सलग तीन दिवस एकमेकांना स्नॅप पाठवला की नावापुढे आगीचं चिन्ह आणि आकडा येतो. मग दर २४ तासांत दोघांनीही निदान एकेक स्नॅप पाठवायचा. वेळ संपत आली की वाळूचं घड्याळ दिसू लागतं. शंभराव्या दिवशी शंभरचं चिन्ह मिळतं. २०१५ पासून हा खेळ चालू आहे. गंमत अशी, की मैत्रिणीशी रात्री दोन तास चॅट करून तुम्ही मन मोकळं केलंत, तर ते स्ट्रीकमध्ये धरलं जात नाही. छताच्या पंख्याचा फोटो पाठवलात, तर धरला जातो. म्हणून तर सकाळी उठल्या उठल्या अर्धवट डोळा, चादर, भिंत, नाहीतर काळ्या स्क्रीनवर ‘एस’ एवढं एकच अक्षर, आणि तोच फोटो एका झटक्यात चाळीस जणांना!

यावर मोठ्यांची प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘काय हा टाइमपास! बोलायला विषय नाही तर पाठवता कशाला?’ हा आक्षेप आम्हाला पटत नाही. विषय नसताना बोलणं हा माणसाचा जुना उद्योग आहे. मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्येच लिहून ठेवलं, की आपण बरंचसं बोलतो ते काही सांगण्यासाठी नाही, तर नातं टिकवण्यासाठी. ‘काय, आज इकडे कुठे?’ ‘झाला का चहा?’ ‘जेवलीस का?’ यातून कुठली मोठी माहिती मिळते? जुन्या पत्रांतही ‘वि. वि.’ आणि ‘इकडील सर्व क्षेम’ हे न चुकता असायचंच. तेव्हा पंख्याचा फोटो निरर्थक आहे, हा काही स्ट्रीकचा दोष नाही. ‘मी आहे, तू आहेस ना?’ एवढंच त्यातून म्हणायचं असेल, तर ते छानच आहे. बारावीनंतर एक पुण्याला, एक नागपूरला, एक कोल्हापूरला अशी पांगापांग झालेल्या ग्रुपला एवढ्या धाग्याचाही आधार वाटतो.

खंड पडू न देणं हेही आपल्याला नवीन नाही. ‘चाळीस वर्षं वारी चुकवली नाही’ असं अभिमानाने सांगणारे आजोबा अनेक घरांत आहेत. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारे लावलेले असतात आणि ती रात्रंदिवस एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मात्र ज्याच्या गळ्यात वीणा असते, तो माणूस तिथे स्वतः उभा असतो. एखादा पहाऱ्याला आला नाही, तर ‘का रे आला नाही, बरं नाही का?’ म्हणून घरी चौकशी होते.

स्ट्रीकची खरी अडचण इथे आहे. ती आपल्यापासून मित्राची शांतता लपवते.

कॉलेजबाहेरच्या टपरीवरचं उदाहरण घ्या. रोज पाच जण कटिंग प्यायला जमतात. त्यातला एक दोन दिवस आला नाही. पहिल्या दिवशी कोणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी ‘हा कुठे मेला?’ असं होतं. तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या रूमवर जाऊन धडकतं. तेव्हा कळतं, की मेसचे पैसे संपलेत, किंवा घरी वडिलांचं काहीतरी झालंय, किंवा दोन विषयांत केटी लागल्याने साहेब पांघरूण घेऊन पडलेत. त्याने काहीच सांगितलेलं नव्हतं. त्याच्या न येण्याने सांगितलं. मित्र गप्प होणं हीसुद्धा एक बातमी असते, आणि बऱ्याचदा तीच सगळ्यात महत्त्वाची असते. पूर्वी मुलाचं पत्र वेळेवर आलं नाही की आईचा जीव खालीवर व्हायचा, तो यामुळेच.

आता हाच मुलगा स्ट्रीकवर आहे असं समजा. पांघरुणात पडल्या पडल्या तो भिंतीचा फोटो काढतो आणि चाळीस जणांना पाठवतो. आकडा २१२ चा २१३ होतो. चाळीस जणांना वाटतं, चाललंय याचं बरं. त्यालाही वाटतं, रोज चाळीस जणांशी संपर्कात असूनही मला कोणी काही विचारत नाही. दोन्ही बाजूंनी नेम पाळला गेलेला असतो आणि गरजेची गोष्ट कोणापर्यंत पोचलेली नसते. आकडा वाढला म्हणून मैत्री घट्ट झाली असं नसतंच, पण आकडा वाढतोय म्हणून चौकशी करायची राहून जाते, हे नुकसान मोठं आहे.

आता हा खेळ इतका चिकट का, तेही पाहू. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले डॅनियल कानेमन आणि त्यांचे सहकारी एमॉस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं, की शंभर रुपये मिळाल्याचा जेवढा आनंद होतो, त्याहून शंभर रुपये हरवल्याचं दुःख जास्त होतं. स्ट्रीक नेमकी या नसेवर बोट ठेवते. आकडा ५ असताना तो तुटला तर कोणाला काही वाटत नाही. ५०० झाला की तो आपल्याला सांभाळत नाही, आपण त्याला सांभाळतो. त्यात वाळूचं घड्याळ म्हणजे दारात उभा राहिलेला वसुलीवालाच.

कंपनीला हे हवंच असतं. रोज किती लोक ॲप उघडतात, हा आकडा स्नॅपसारख्या कंपन्या दर तिमाहीला गुंतवणूकदारांपुढे ठेवतात. भारतात स्नॅपचॅट महिन्यातून एकदा तरी वापरणाऱ्यांची संख्या २०२३ मध्येच २० कोटींच्या पुढे गेल्याचं कंपनीने जाहीर केलं होतं. म्हणजे आपण ज्याला मैत्री म्हणतो, त्याला तिकडे हजेरीपट म्हणतात. तुटलेली स्ट्रीक पैसे भरून परत जोडून घ्यायची सोयही आता आहे. लेट फी भरून फॉर्म घ्यावा तसंच! अमेरिकेत २०१९ मध्ये जॉश हॉली या सिनेटरने असल्या स्ट्रीकवर बंदी घालणारं विधेयकसुद्धा आणलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. आमच्या मते कायद्याची वाट बघायचीही गरज नाही, कारण स्ट्रीक तोडायला कोणाची परवानगी लागत नाही.

पण तोडायची म्हटलं की पोटात गोळा येतो, कारण समोरचा काय म्हणेल? ‘मुद्दाम तोडलीस ना?’ ‘तिच्याबरोबरची चालू आहे आणि माझी बरी विसरलास!’ असे रुसवेफुगवे प्रत्येक ग्रुपमध्ये होतात. आणि इथे एक अन्याय आहे, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. रोज न चुकता स्नॅप पाठवायला स्वतःचा फोन लागतो, रोजचा डेटा लागतो, रेंज लागते. गणपतीला कोकणातल्या गावी गेलेल्या मुलाला घाटी उतरून पारापर्यंत आल्याशिवाय रेंज मिळत नाही. काही घरांत एकच स्मार्टफोन भावंडांत फिरतो. काही मुलींचा फोन रात्री दहाला आईच्या उशाशी जमा होतो. कोणी कॉलेज सुटल्यावर रात्री अकरापर्यंत डिलिव्हरीच्या गाडीवर असतो. यांची स्ट्रीक आधी तुटते. मग यादीत वर राहतात कोण? ज्यांना फोन धरायला सगळ्यात जास्त मोकळीक आहे ते. हा आकडा माया मोजत नाही, सवड मोजतो. एखाद्याला सवड नाही याचा अर्थ त्याला आपली किंमत नाही, असा लावून मोकळं होऊ नका.

यावर आपल्याकडे जुगाड निघालाच आहे: प्रॉक्सी! एनएसएसच्या सात दिवसांच्या निवासी शिबिराला जायचंय, परीक्षेसाठी आईने फोन काढून घेतलाय, मग पासवर्ड मैत्रिणीला किंवा धाकट्या भावाला द्यायचा आणि ‘माझ्या स्ट्रीक्स सांभाळ’ म्हणायचं. म्हणजे समोरच्याला रोज जो फोटो येतो, तो तुम्ही पाठवलेलाच नाही. तिकडूनही कदाचित दुसऱ्याच कोणीतरी पाठवलेला असतो. दोन प्रॉक्सी एकमेकांना ‘हजर’ म्हणतायत आणि मूळ दोघं मित्र कुठेतरी वेगळीकडेच आहेत! यात हसण्यासारखं आहे तसं काळजीचंही आहे. पासवर्ड देता तेव्हा फक्त स्ट्रीक देत नाही. दुसऱ्या कोणी विश्वासाने तुम्हाला पाठवलेले फोटो, सेव्ह केलेली चॅट्स, सगळं घरच त्याच्या हाती जातं. ज्या तिसऱ्या माणसाचे ते फोटो आहेत, त्याला कोणी विचारलेलं नसतं. उद्या भांडण झालं तर? एका आकड्यासाठी हा धोका पत्करू नका.

मग काय करायचं? ॲप डिलीट करा, असा उपदेश आम्ही करणार नाही. तो पहिल्या दिवशी पाळला जातो आणि तिसऱ्या दिवशी ॲप परत डाउनलोड होतं. त्यापेक्षा या चार गोष्टी करून बघा.

एक, यादी छोटी करा. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मते माणूस साधारण १५० जणांशी ओळखीचं नातं सांभाळू शकतो आणि त्यातले अगदी जिवाभावाचे पाचेकच असतात. चाळीस स्ट्रीक्स म्हणजे चाळीस मित्र नव्हेत, ते रोजचं चाळीस घरचं दूध टाकणं आहे.

दोन, सगळ्यांना एकच फोटो पाठवण्याऐवजी एकालाच एक प्रश्न पाठवा. ‘तुझ्या त्या इंटर्नशिपचं काय झालं?’ ‘आजीचं ऑपरेशन कधी आहे?’ असा प्रश्न चाळीस जणांना एका झटक्यात पाठवता येत नाही. त्यासाठी त्या माणसाची काहीतरी आठवण असावी लागते.

तीन, स्ट्रीक ठरवून तोडा. सेमिस्टर जवळ आली की दोघांनी मिळून सांगून टाकायचं, ‘आता महिनाभर बंद, पेपर संपल्यावर भेटू.’ गुपचूप तोडली तर रुसवा होतो, बोलून तोडली तर होत नाही. जी मैत्री महिनाभराच्या सुट्टीने संपते, तिच्याबद्दल वाईट वाटू दे, पण तिच्यासाठी रात्री साडेबाराला उठून भिंतीचे फोटो काढू नका.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. जवळच्या दोघा-तिघांशी एक साधा नियम ठरवा. तीन दिवस कोणी गप्प असेल, तर चौथ्या दिवशी फोन करायचा. मेसेज नाही, स्नॅप नाही, फोन. नाही उचलला तर रूमवर जायचं. गावाला असेल तर घरच्यांना विचारायचं. आणि पलीकडून नुसतं ‘ठीक आहे रे’ असं पडलेल्या आवाजात आलं, तर लगेच ठेवून द्यायचा नाही. प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे. १४४१६ या नंबरवर दिवसरात्र बोलता येतं, आणि मराठीतही. हा नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. मित्र म्हणून तेवढं आपण करू शकतो.

आज रात्री एवढंच करा. स्नॅपचॅट उघडा आणि आकडा असलेलं एकेक नाव वरून खाली वाचत जा. प्रत्येक नावापाशी थांबून स्वतःला विचारा, या आठवड्यात याच्या आयुष्यात काय घडलं, मला ठाऊक आहे का? काही नावांपाशी उत्तर पटकन येईल. काही नावांपाशी आकडा तीनशेच्या वर असेल आणि उत्तर काहीच येणार नाही. त्यातलं पहिलं नाव निवडा आणि फोन लावा. उद्याचा स्नॅप राहिला तरी चालेल.