सल्ल्याचे मोल

खानदेशात सल्ल्याची टंचाई कधीच नव्हती. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीच्या पानावर करप्याचे ठिपके दिसले, की बागायतदार ते पान खुडून तालुक्याच्या कृषी केंद्रात घेऊन जातो. दुकानदार पान उलटसुलट करून पाहतो आणि फळीवरच्या दोन बाटल्या पुढ्यात ठेवतो. धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या तेल गिरणीचे विजेचे बिल अवाच्या सव्वा आले, की यंत्रांचा विक्रेता येतो आणि नवी मोटार सुचवून जातो. सल्ल्याचे पैसे कोणीच मागत नाही. ते बाटलीच्या आणि मोटारीच्या किमतीत आधीच धरलेले असतात, एवढेच.

या साध्या व्यवहारात एक मोठा प्रश्न दडला आहे. ज्याची कमाई माल खपण्यावर अवलंबून आहे, तो 'या खेपेस फवारणीची गरज नाही' हे वाक्य कशासाठी उच्चारील? सगळेच विक्रेते लबाड असतात, असे मुळीच नाही. ठिबक सिंचन आणि ऊतिसंवर्धित केळीची रोपे जळगाव जिल्ह्यात रुजली, ती माल विकणाऱ्यांनीच शेतकऱ्याला तंत्र शिकवले म्हणून. त्याचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु शेतकऱ्याला आणि कारखानदाराला हवा असलेला सल्ला पुष्कळदा 'काही घेऊ नका' असाच असतो. तो देणारा माणूस मालाच्या विक्रीपासून अलिप्त असावा लागतो.

असा माणूस नसला की काय होते, याचे दारुण उदाहरण महाराष्ट्राने २०१७ च्या खरिपात पाहिले. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. अनेक औषधे एकत्र मिसळून फवारण्याची प्रथा हे त्यामागील एक कारण म्हणून पुढे आले. कोणते औषध कशात मिसळू नये, हे सांगणारा जाणकार वेळेवर बांधावर पोहोचला असता, तर काही घरांतील कर्ते पुरुष वाचले असते.

सल्लागाराचा धर्म कसा असावा, याचा धडा गिरवायला खानदेशाला दूर जाण्याचे कारण नाही. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या तरुण अभियंत्याच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होते धुळ्याच्या पांझरा खोऱ्यातील दातर्ती येथील पाण्याची नळवाहिनी. पुढे पुण्याजवळ खडकवासला धरणावर त्यांनी स्वतः रचलेले स्वयंचलित दरवाजे बसविले आणि त्यांचे पेटंटही घेतले. मात्र ज्या धरणाच्या कामाची जबाबदारी आपल्यावर होती, तेथे आपल्याच दरवाजांसाठी स्वामित्वशुल्क मागणे त्यांनी नाकारले. शिफारस करणाऱ्याचा हात शिफारस केलेल्या वस्तूच्या नफ्यात गुंतलेला नसावा, हे सूत्र त्यांनी आचरणाने घालून दिले. १९०८ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी स्वेच्छेने सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरात मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले, आणि निजाम सरकारने १९०९ मध्ये त्यांना बोलावले ते सल्लागार अभियंता म्हणून. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय त्यांच्या शिफारशींतून उभे राहिले.

'आमच्या भागात सल्ल्याला पैसे कोण देणार?' हा आक्षेप हमखास घेतला जातो. खानदेशाचा इतिहास याचे उत्तर वेगळे देतो. पांझरेच्या काठी शतकानुशतके फड पद्धतीने सिंचन चालत आले. पाणी कोणत्या फडाला केव्हा द्यायचे हे पाहणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या यांचा मोबदला लाभधारक शेतकरीच देत. जाणकाराच्या कामाचा लाभ डोळ्यांना दिसला, की खानदेशी माणूस हात आखडता घेत नाही. तो लाभ दाखवून देण्याची जबाबदारी मात्र सल्लागाराची.

शासनानेही ही गरज ओळखली होती. कृषी पदवीधरांना प्रशिक्षण व कर्जसाह्य देऊन शेतकऱ्यांना सशुल्क मार्गदर्शन मिळावे, या हेतूने २००२ मध्ये केंद्र सरकारने 'कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र' ही योजना सुरू केली. हेतू उत्तम होता. पण चिकित्सालयाचे भाडे सल्ल्यातून निघेना, तेव्हा फळीवर बाटल्या आल्या आणि अनेक ठिकाणी चिकित्सालयाचे दुकान झाले. दोष केवळ त्या तरुणांचा नव्हे. शुल्क मागण्याचा संकोच त्यांना होता आणि देण्याची सवय समाजाला नव्हती.

या संकोचाच्या मुळाशी आपल्याकडील एक गैरसमजही आहे. विद्यादान पवित्र, म्हणून ते विनामूल्यच असावे, असे संस्कारशील घरांत मानले जाते. सेवा आणि व्यवसाय ही दोन्ही समाजाची अंगे आहेत. त्यांची सरमिसळ झाली की दोन्ही दुबळी होतात. वनवासी पाड्यावर रविवारी निःशुल्क वर्ग घेणे ही सेवा. डाळ मिलच्या मालकाला वीजबचतीचा आराखडा करून देणे हा व्यवसाय. दुसऱ्यातून चरितार्थ चालला, तरच पहिली दीर्घकाळ टिकते.

हा व्यवसाय उभारू पाहणाऱ्याने काही पथ्ये पहिल्या दिवसापासून पाळावीत. सगळ्याच विषयांत पारंगत असल्याचा आव न आणता एकच विषय निवडावा: निर्यातक्षम केळीचे काढणीपश्चात हाताळणे, डाळ मिलचे वीज लेखापरीक्षण किंवा खाद्यपदार्थ उद्योगाला लागणारे परवाने आणि नोंदी. काम, मुदत व शुल्क आधी कागदावर लिहून घ्यावे. कोणत्याही कंपनीचे कमिशन घेऊ नये आणि तसे पत्रकावर स्पष्ट छापावे. प्रशिक्षण देताना व्याख्यान झोडून निघून जाऊ नये. महिन्याभराने शेतावर किंवा कारखान्यात जाऊन शिकविलेले कितपत उतरले ते तपासावे. पहिली दोन वर्षे जुजबी उत्पन्नावर काढण्याइतकी शिल्लक हाताशी ठेवावी.

जिल्ह्याच्या ठिकाणी असा धंदा बहुधा बुडतो तो काम नसल्याने नव्हे, तर थकबाकीने. ओळखीच्या माणसाकडे तगादा कसा लावायचा, या भिडेपोटी बिले महिनोन्महिने पडून राहतात. लघुउद्योगांसाठी २००६ मध्ये झालेल्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे ग्राहक उद्योगाने फार तर ४५ दिवसांत चुकते करायचे असते, आणि सल्लासेवाही त्यात येते. 'उद्यम' नोंदणीला शुल्क नाही. कायद्याचा धाक घालण्याची वेळ क्वचितच यावी. पण बिलावर तो नोंदणी क्रमांक असला, की भीड आपोआप कमी होते.

प्रश्न उरतो घरांचा. जळगावात १९९० पासून विद्यापीठ आहे, धुळ्यात कृषी महाविद्यालय आहे. तेथून शिकून बाहेर पडणारी मुले पुण्या-मुंबईची गाडी धरतात, कारण नोकरी सांगता येते आणि 'मुलगा सल्ला देतो' हे सोयरीक जमवताना सांगता येत नाही. वकिलाचा आणि डॉक्टरचा सल्ला विकत घेणाऱ्या आणि त्यांना मान देणाऱ्या समाजाने पिकाच्या आणि यंत्राच्या वैद्यालाही तोच मान द्यायला काय हरकत आहे? बापाने मुलाला दोन वर्षांची मुदत द्यावी. गावातील सुस्थितीतल्या बागायतदाराने वा कारखानदाराने त्याचे पहिले बिल घासाघीस न करता चुकवावे. फुकटच्या सल्ल्याची किंमत खानदेशाने आजवर पुरेशी मोजली आहे. आता सल्ल्याचे मोल उघडपणे मोजायला शिकणे त्याच्याच हिताचे आहे.